ग्रँट रायटिंग आणि निधी उभारणी: मुंबईत हे काम करायचं तर नेमकं काय यायला लागतं?

सायली_डोंबिवली

नमस्कार मंडळी. मराठी माध्यम, एमएसडब्ल्यू, सध्या एका संस्थेत फिल्ड कोऑर्डिनेटर. आता प्रपोजल लिहिणं आणि निधी उभारणी याच कामाकडे वळायचं आहे. इंग्रजी कामापुरतं येतं, सफाईदार नाही. ते आडवं येईल का? एखादा कोर्स करावा का? बजेट कसं मांडतात ते कुणी उलगडून सांगेल का? शिवाय एका छोट्या संस्थेने विचारलंय की पगार नाही, पण तुमच्या प्रपोजलवर जेवढा निधी येईल त्याचे ८ टक्के देऊ. घ्यावं का?

---

हिशेबनीस

सायलीताई, इंग्रजीचं नंतर बघू, तुम्हाला वाटतंय तेवढं ते मोठं नाही. प्रपोजल आपटतं ते बहुतेक वेळा एक्सेलमध्ये. कंपनीत सीएसआर (कंपन्यांनी कायद्याने सामाजिक कामावर करायचा खर्च) बघणारा माणूस आधी पहिलं पान वाचतो, मग थेट बजेट उघडतो. मधली बारा पानं या दोन्हीत काही खटकलं तर. म्हणून आधी बजेट करा, मग वाक्यं लिहा.

उदाहरण घेऊ. आकडे समजावण्यापुरते धरलेत. मानखुर्दच्या वस्तीत वाचनवर्ग, ८ केंद्रं, प्रत्येकी ३० मुलं म्हणजे २४० मुलं, १२ महिने.

वर्ग घेणाऱ्या ८ ताया, रोज तीन तास, महिना ९,००० मानधन: ८,६४,०००
सुपरवायझर १, महिना २२,०००: २,६४,०००
जागाभाडं, केंद्रामागे महिना ४,०००: ३,८४,०००
पुस्तकं आणि साहित्य, मुलामागे ९००: २,१६,०००
ट्रेनिंग ६ दिवस, दिवसाला ६,०००: ३६,०००
सुरुवातीची आणि शेवटची चाचणी, दर वेळी मुलामागे ७५: ३६,०००

बेरीज १८ लाख. त्यावर संस्थेचा प्रशासकीय खर्च १० टक्के, १,८०,०००. एकूण १९,८०,०००, म्हणजे मुलामागे ८,२५०. हा शेवटचा आकडा तोंडपाठ पाहिजे, कारण मीटिंगमध्ये पहिला प्रश्न त्यावरच येतो.

कागदावर हे नीट दिसतं. घोळ पुढे होतो.

जागाभाड्याची ओळ बघा. मुंबईत खोली डिपॉझिटशिवाय मिळत नाही आणि डिपॉझिट परत येणारं असल्यामुळे तो खर्च धरला जात नाही. युटिलायझेशन सर्टिफिकेटमध्ये (यूसी, म्हणजे निधी कशावर खर्च झाला याचा दाखला) ते दाखवता येणार नाही, म्हणजे ते पैसे संस्थेच्या स्वतःच्या खिशातून. ही रक्कम प्रपोजल पाठवण्याआधी विश्वस्तांना सांगून ठेवा. दुसरं, वस्तीतला घरमालक पावती देत नाही आणि भाडं रोख मागतो. वर्षअखेरीला ऑडिटर नेमका तिथे बोट ठेवतो. लेखी करार आणि बँकेतून भाडं घ्यायला तयार असलेलेच मालक शोधायचे, नाहीतर समाजमंदिर किंवा बालवाडीची रिकामी वेळ मागायची आणि ती ओळ कमी करायची.

मुलांचा आकडा. एप्रिल-मेमध्ये निम्मी वस्ती गावी जाते, पावसात खोल्या बदलतात. २४० नोंदवून २४० मुलं शेवटच्या चाचणीला बसणार नाहीत. म्हणून ‘३०० मुलांची नोंदणी, किमान २४० मुलं दोन्ही चाचण्यांना हजर’ असं लिहा आणि साहित्य ३०० मुलांचं धरा, ५४,००० वाढतात. पहिली चाचणीही ३०० जणांची होणार, तेही धरा. हे न धरता नुसतं ‘३०० मुलं’ लिहिणारे बरेच, आणि मग डिसेंबरात पुस्तकं पुरत नाहीत.

तायाही मध्येच सोडून जातात. ट्रेनिंगच्या सहा दिवसांतले दोन दिवस नव्याने आलेल्यांसाठी राखून ठेवा.

हप्त्यांकडे तर कुणी बघतच नाही. एमओयूच्या (देणगीदाराशी होणाऱ्या कराराच्या) मसुद्यात ४०-४०-२० असेल आणि शेवटचे २० टक्के अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर, तर हिशेब करा: २० टक्के म्हणजे ३,९६,०००. महिन्याचा खर्च सरासरी १,६५,०००. म्हणजे जवळजवळ अडीच महिने संस्था उसनवारीवर चालणार. सही होण्याआधी ५०-४०-१० मागा. मागितलं तर बऱ्याचदा मिळतं, सहीनंतर मिळत नाही.

आणि ‘मुलांचा सर्वांगीण विकास’ हे शब्द कुठेच नकोत. असरच्या (मुलांना किती वाचता येतं ते बघणाऱ्या देशव्यापी पाहणीच्या) चाचणीत पायऱ्या आहेत: अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट. ती मराठीतही आहे. ‘सुरुवातीला अक्षर किंवा शब्द पायरीवर असलेल्या मुलांपैकी किमान निम्मी १० महिन्यांत परिच्छेदावर येतील’ असं लिहिलं की ते मोजता येतं, आणि तुम्हालाही कळतं आपण कशाला होकार देतोय.

---

वरळीचा_फेरा

बजेट झालं, पण त्याच्याही आधी कागद. उत्तम प्रपोजल आणि अर्धवट फाइल, तर फाइल परत.

मुंबईतली संस्था म्हणजे वरळीचं धर्मादाय आयुक्तालय आलंच. आपल्याकडे १८६० च्या कायद्याखाली सोसायटी नोंदवली तरी महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली विश्वस्त व्यवस्था म्हणूनही नोंद लागते. सोसायटीचा नंबर ‘एफ’ने सुरू होतो, इतर धर्मादाय ट्रस्टचा सहसा ‘ई’ने. देणगीदार शेड्यूल वनचा (आयुक्तालयातल्या संस्थेच्या नोंदीचा, विश्वस्तांच्या नावांसकट) उतारा मागतो आणि तिथे हमखास गाडी अडते. विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कलम २२ खाली चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. तो दिलेलाच नसतो, किंवा देऊन वर्षानुवर्षं पडून असतो. मग उताऱ्यावर वारलेले विश्वस्त, लेटरहेडवर नवे अध्यक्ष आणि बँकेत तिसऱ्याचीच सही. अशा वेळी लपवाछपवी नको. दाखल केलेल्या चेंज रिपोर्टची पोच आणि ठरावाची प्रत सोबत जोडा, एक ओळीचं स्पष्टीकरण लिहा. बहुतेक कंपन्या तेवढं मान्य करतात.

नाव सगळीकडे अक्षरशः एकच आहे का ते बघा. दाखल्यावर नावापुढे ‘मुंबई’ आहे आणि पॅनवर नाही, एवढ्यावरून खातं उघडायला महिना जातो.

सीएसआरसाठी: कंपनी कायदा २०१३, कलम १३५. नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असलं की मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के खर्च करायचे. आपल्या बाजूने १२ए (संस्थेला करमाफी), ८०जी (देणगीदाराला करसवलत) आणि सीएसआर-१ (सीएसआरचा निधी घेण्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे करायची) ही नोंद लागते. सीएसआर-१ हे १ एप्रिल २०२१ पासून सक्तीचं आहे, आणि फॉर्मवर सीए, सीएस किंवा कॉस्ट अकाउंटंटची डिजिटल सही लागते. संस्था कंपनीने स्वतः काढलेली नसेल तर तशाच कामाचा तीन वर्षांचा अनुभवही लागतो. याशिवाय दर्पण आयडी (नीती आयोगाच्या पोर्टलवरचा संस्थेचा क्रमांक), तीन वर्षांचे ऑडिट अहवाल, आयटीआर-७ (संस्थेचं आयकर विवरणपत्र), विश्वस्तांची यादी, रद्द केलेला चेक. हे सगळं एकाच फोल्डरमध्ये, फाइलच्या नावात मुदत संपण्याची तारीख घालून ठेवा. ८०जीची नियमित नोंदणी पाच वर्षांची, नव्या संस्थेची तात्पुरती तीन वर्षांची, आणि नूतनीकरण सहा महिने आधी. विसरलात तर प्रपोजल मंजूर होऊन पैसे येत नाहीत. (१ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात कलमांचे क्रमांक बदलतात. बोलताना सगळे ‘एटीजी’च म्हणतात आणि म्हणत राहतील, पण कागदावर लिहिताना सीएला विचारा.)

वेळापत्रक. कंपनीचा वार्षिक कृती आराखडा सीएसआर समिती सुचवते आणि बोर्ड मंजूर करतं. त्यात शिरायचं तर जानेवारी ते मार्चमध्ये कॉन्सेप्ट नोट (प्रकल्पाची थोडक्यात रूपरेषा) समोर हवी. फेब्रुवारी-मार्चमध्ये ‘पैसे उरलेत, लगेच द्या काहीतरी’ असे फोन येतात, त्याला भुलू नका. सहा आठवड्यांत वाचनवर्ग होत नाही, फक्त दप्तरं वाटता येतात. त्यावर उत्तर असं: प्रकल्प ‘ऑनगोइंग’ (एकाहून जास्त वर्षं चालणारा) म्हणून मंजूर करून घ्या. मग न खर्चलेली रक्कम कंपनीला वर्ष संपल्यापासून ३० दिवसांत वेगळ्या अनस्पेंट खात्यात टाकता येते आणि पुढची तीन आर्थिक वर्षं वापरता येते. हे समोरच्याला ठाऊक असतंच असं नाही, त्यामुळे प्रपोजलमध्येच दोन ओळी लिहून ठेवाव्यात.

---

सायली_डोंबिवली

खूप मदत झाली. एक शंका: आमच्या वरिष्ठांनी सांगितलं की सीएसआरमध्ये संस्थेचा प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांपेक्षा जास्त धरताच येत नाही, कायदाच आहे. मग वर १० टक्के कसे?

---

वरळीचा_फेरा

हा गैरसमज मुंबईभर पसरलाय, कंपन्यांतही. ५ टक्क्यांची मर्यादा आहे ती कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर विभाग चालवण्याच्या खर्चावर. नियमातली व्याख्याच ‘कंपनीने केलेला खर्च’ अशी आहे, आणि प्रकल्पाची आखणी, अंमलबजावणी, देखरेख, मूल्यमापन यांवरचा थेट खर्च त्यातून स्पष्टपणे वगळलाय. कंपनी व्यवहार मंत्रालयाने ऑगस्ट २०२१ च्या परिपत्रकात हेच सांगितलंय. त्यामुळे सुपरवायझर, चाचणी, प्रवास हे प्रशासकीय खर्चात ढकलू नका, प्रकल्पखर्चात नावानिशी दाखवा. ‘ॲडमिन’ या ओळीत फक्त अकाउंटंट, ऑफिसचं भाडं, ऑडिट फी यांचा वाटा. तरीही एखादी कंपनी आपल्या धोरणाने ५ टक्केच देते. तो तिचा हक्क आहे, पण कायदा नव्हे, आणि घासाघीस करताना एवढा फरक माहीत असला की पुरतो.

परदेशी निधीचं मात्र खरंच कायद्यात आहे: एफसीआरएमध्ये (परदेशी देणग्यांच्या कायद्यात) २०२० च्या दुरुस्तीनंतर प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली, आलेला निधी दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, आणि पैसे आधी दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच येतात.

---

पावतीबुक

सगळे सीएसआरवरच बोलताहेत म्हणून दुसरी बाजू. ग्रँटचा पैसा बांधलेला असतो: वाचनवर्गाचा पैसा वाचनवर्गालाच. वरचं ते डिपॉझिट कुठून भरणार? लोकांच्या देणग्यांतून. संस्थेला असा मोकळा पैसा आणून देणारा माणूस टिकतो, त्यामुळे हे कामही शिका.

यात लिहिणं कमी आणि पावत्या जास्त. देणगीदाराचं नाव पॅनवर आहे तसंच घ्या, पॅन नंबर त्याच वेळी घ्या, मार्चनंतर कुणी देत नाही. वर्षाच्या देणग्यांचं विवरण, जुन्या नंबरने १०बीडी, ३१ मेपर्यंत भरावं लागतं, उशिराला दिवसाला २०० रुपये. ते भरल्यावरच १०बीई प्रमाणपत्र निघतं, आणि देणगीदाराच्या विवरणपत्रात सवलत त्यावरच मिळते. एका पॅनमधलं एक अक्षर चुकलं तर जुलैत फोन तुम्हाला येणार. २,००० च्या वर रोख देणगीला ८०जीची सवलत नाही, हे पावतीपुस्तकाच्या मुखपृष्ठावरच छापून ठेवा. आणि नव्या करप्रणालीत ८०जीची वजावट मिळतच नाही, त्यामुळे ‘टॅक्स वाचेल’ हे पहिलं वाक्य म्हणून आता चालत नाही.

परदेशातून कुणी देतो म्हटलं तर आधी पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवाला एनआरआय स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेला आपला पार्लेकर मात्र परदेशी स्रोत ठरतो, ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरी. एफसीआरएची नोंदणी नसताना त्याचे पाचशे रुपयेसुद्धा घ्यायचे नाहीत. इथे लाज वाटून माणसं गप्प बसतात आणि संस्था अडकते.

महिन्याच्या देणगीसाठी ई-मॅन्डेट किंवा यूपीआय ऑटोपे. १५,००० पर्यंत दर वेळी ओटीपी लागत नाही, पण पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी मेसेज जातो, आणि लोक बंद करतात ते तो मेसेज बघूनच. म्हणून त्याच्या आदल्या दिवशी तुमच्या दोन ओळी पोचल्या पाहिजेत. आभार नकोत, बातमी हवी: ‘तिसऱ्या केंद्रातली अकरा मुलं या महिन्यात शब्दावरून परिच्छेदावर गेली.’

मुंबईत दोन मुहूर्त आहेत. २ ते ८ ऑक्टोबरचा दानउत्सव, आणि जानेवारीतली टाटा मुंबई मॅरेथॉन, जिचं निधीसंकलन युनायटेड वे मुंबईमार्फत चालतं. मॅरेथॉनची संस्था-नोंदणी कित्येक महिने आधी होते, दिवाळीनंतर जागं झालात तर ते वर्ष गेलं.

आणि मराठीबद्दल. दादर, पार्ले, ठाणे, डोंबिवलीतल्या निवृत्त मंडळींना इंग्रजी ब्रोशर पाठवणं म्हणजे पोस्टाचा खर्च वाया. त्यांना मराठीत एक पान लिहा. पण ‘आपल्या अमूल्य सहकार्याची अपेक्षा’ वगैरे शाळेच्या स्नेहसंमेलनाची भाषा नको. ‘९०० रुपयांत एका मुलाचं वर्षाचं वाचनसाहित्य येतं. सोबत यादी आहे’ आणि खरोखर यादी जोडा, वही-पेन्सिलीसकट, दरासकट. यादी वाचून माणूस दोन मुलांचे देतो. हे पत्र तुम्ही कोणाही इंग्रजी कॉपीरायटरपेक्षा चांगलं लिहाल.

---

हिशेबनीस

८ टक्क्यांचं राहिलं. घेऊ नका. निधी उभारणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय आचारसंहिता टक्केवारीवर मोबदला घेणं चूक मानते, ते एक. पण वरच्याच बजेटवर लावून बघा: १९,८०,००० चे ८ टक्के म्हणजे १,५८,४००. हे कुठल्या ओळीतून निघणार? ताईंच्या मानधनातून नाही, पुस्तकांतून नाही. उरतो प्रशासकीय खर्च १,८०,०००. त्यातून तुम्हाला दिले की वर्षभराच्या अकाउंट्सला, ऑडिटला, ऑफिसला २१,६०० राहतात. म्हणजे एकतर तुम्हाला पैसे मिळणार नाहीत, नाहीतर ते कुठल्या तरी खोट्या बिलाखाली मिळतील, आणि तशा बिलावर तुमची सही असेल.

त्याऐवजी प्रपोजलमागे ठरावीक फी घ्या. निम्मी कामाला हात लावताना, निम्मी मसुदा दिल्यावर. निधी आला की नाही याच्याशी तिचा संबंध नाही. लेखी ठरवा: किती पानं, दुरुस्तीच्या किती फेऱ्या (दोन पुरे), बजेट कुणी करायचं, कागद किती तारखेपर्यंत द्यायचे. शेवटचं कलम विसरू नका. सबमिशन रात्री बाराला बंद होत असतं आणि सव्वाअकराला ऑडिट रिपोर्टचा फोटो व्हॉट्सॲपवर येतो, तोही आडवा.

पण तुम्ही सुरुवातीलाच फ्रीलान्स करू नये असं मला वाटतं. मोठ्या किंवा मध्यम संस्थेत प्रोग्राम आणि फंडरेझिंग दोन्ही जिथे शेजारीशेजारी बसतात तिथे दोनतीन वर्षं काढा. मंजुरीपासून यूसीपर्यंत एक अख्खं चक्र हातून गेल्याशिवाय पहिलं पान खरं वाटत नाही.

---

दुरुस्ती_सुचवा

हिशेबनीसांशी अर्धा सहमत. फिल्डवर असलेल्या माणसाने दोनतीन वर्षं थांबायची गरज नाही, आहे त्याच नोकरीत अहवाल लिहायला मागा. दुसऱ्या वर्षाचा निधी पहिल्या वर्षाच्या अहवालावर येतो आणि ते काम कुठल्याच ऑफिसात कुणाला नको असतं. लगेच मिळेल.

कोर्सबद्दल: आधी पैसे भरू नका. एक्सेलमध्ये बेरीज सूत्राने करणं, एका शीटवरून दुसऱ्या शीटला जोडणं आणि लॉगफ्रेम (प्रकल्पाचं उद्दिष्ट, कामं आणि मोजमाप यांचा तक्ता) वाचता येणं एवढं महिन्याभरात जमतं. पुढे नोकरी बदलताना प्रमाणपत्र लागलं तर बघा.

इंग्रजी: लहान वाक्यं, एका वाक्यात एकच आकडा. आधी मराठीत बोलून रेकॉर्ड करा, मग इंग्रजीत लिहा. तसं केलं की ‘होलिस्टिक एम्पॉवरमेंट’ येत नाही, कारण मराठीत ते कुणी बोलतच नाही. एआयकडून भाषा तपासून घ्यायला हरकत नाही, पण मजकूर मागू नका. असा मागवलेला मजकूर ओळखायची सोपी खूण: वस्तीचं नाव खोडून दुसऱ्या शहरातली वस्ती घाला. वाचताना काहीच अडलं नाही तर ते प्रपोजल कुणाचंच नाही. मानखुर्दच्या प्रपोजलमध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड, पाण्याची वेळ, वर्ग संध्याकाळी पाचला का ठेवलाय, यातलं काहीतरी यायलाच हवं.

---

सायली_डोंबिवली

८ टक्क्यांना नाही कळवते. नोकरीच्या अर्जासोबत नमुना म्हणून काय जोडावं? संस्थेची खरी प्रपोजल्स बाहेर दाखवता येणार नाहीत.

---

दुरुस्ती_सुचवा

बरोबर, दाखवूही नयेत. तुम्हाला माहीत असलेल्या एखाद्या कामावर नव्याने दोन पानी कॉन्सेप्ट नोट लिहा, काल्पनिक देणगीदाराला उद्देशून. पहिल्या परिच्छेदात वस्ती, प्रश्न, किती मुलं, किती पैसे, किती महिने. पाचही गोष्टी पाच ओळींत. तिसऱ्या पानावर बजेट, प्रत्येक ओळीपुढे नग, दर, महिने असे वेगळे रकाने, म्हणजे रक्कम कशी आली ते न विचारता कळेल. चौथं पान बहुतेक जण जोडत नाहीत, तुम्ही जोडा: सहा महिन्यांनंतरचा काल्पनिक खर्चतक्ता, ठरलेला खर्च, झालेला खर्च, फरक, आणि फरकाचं कारण एका वाक्यात. ‘दोन केंद्रं जुलैऐवजी ऑगस्टला सुरू, भाडं ८,००० कमी.’ मुलाखत घेणारा तिथे थांबेल आणि विचारेल की वाचलेल्या ८,००० चं काय केलं. उत्तर: देणगीदाराला ईमेल करून लेखी परवानगी मागितली, आणि ती येईपर्यंत खर्च केले नाहीत.